गोणीपासून आकड्यापर्यंत : गोंदियाच्या मालवाहतुकीतील चढउताराचा प्रश्न

मालवाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा वेगावर आणि अंतरावर खिळलेली असते. बैल दिवसाकाठी किती चालला, आगगाडीने नागपूर-राजनांदगाव हे अंतर किती वेळात तोडले, मालमोटारीने लोहमार्गाचा किती धंदा ओढून घेतला, याची मोजदाद होते. माल हलण्यापूर्वी आणि हलून झाल्यावर जो काळ जातो, त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. वस्तुतः वाहतुकीचा पुष्कळसा खर्च या थांबण्याच्या काळातच होतो, आणि तो कोणी सोसावयाचा हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उपस्थित होतो. शेतकरी, हमाल, गाडीवान, मालमोटारीचा मालक, गिरणीवाला यांपैकी कोणाच्या तरी माथी तो बसतोच.

'हूक लोडर' या नावाने अलीकडे भारतीय शहरांत परिचित झालेली मालमोटार या प्रश्नावरील एक उत्तर होय. तिची रचना सांगण्यास सोपी आहे. गाडीच्या सांगाड्यावर कायमची पेटी नसते. त्याऐवजी द्रवदाबावर चालणारा एक काटकोनी बाहू असतो व त्याच्या टोकाला भक्कम पोलादी आकडा असतो. माल भरण्याचा डबा जमिनीवर सुटा ठेवलेला असतो. त्याच्या पुढील अंगास एक आडवी दांडी व मागील अंगास रूळचाके असतात. गाडी मागे येते, आकडा दांडीत अडकतो, बाहू डब्याचे तोंड वर उचलून त्यास पुढे ओढतो, आणि काही मिनिटांत डबा सांगाड्यावर बसून जखडला जातो. उतरविण्याची क्रिया याच्या उलट. बाहूचा सांधा बंद करून तोच डबा मागे कलता करता येतो व माल ओतून देता येतो. चालकास सहसा आपल्या बैठकीवरून उतरावेही लागत नाही. एकाच गाडीला सकाळी कचऱ्याचा डबा, दुपारी विटा-मातीचा उघडा डबा व सायंकाळी पाण्याची टाकी जोडता येते, म्हणून या पद्धतीस लवचीक वाहतुकीची पद्धती म्हणतात.

या यंत्राची खरी कामगिरी त्याच्या उचलण्याच्या शक्तीत शोधणे चुकीचे ठरेल. ओझे आणि ओझे वाहणारा यांना एकमेकांपासून सोडविणे ही ती कामगिरी आहे. आणि ती जितकी नवी दिसते तितकी नवी नाही. आज गोंदिया जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील धान, सातपुड्याच्या कुशीतील लाकूड व खनिजे आणि छत्तीसगडचे धान्य यांच्या वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून या भूमीवरून जात होत्या.

त्या वाटांवरील पहिले मोठे वाहतूकदार बंजारे. छत्तीसगडातून धान्य आणावे, परतताना मीठ न्यावे, हा त्यांचा क्रम. बंजाऱ्यांचे तांडे केवढे मोठे असत याची कल्पना सतराव्या शतकातील प्रवाशांच्या वर्णनांवरून येते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. धान्याने लादलेले ते बैल दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसत. या मंद गतीची कीव करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांस लोंबणारी जोडगोणी हीच या वाहतुकीचे एकक होती. मुक्कामावर गोण्या उतरवून त्यांची रास रचली जाई, त्या राशीचाच प्रसंगी तटबंदीसारखा उपयोग होई, आणि बैल चरावयास मोकळे सुटत. ओझे थांबले तरी वाहणारा अडकून पडत नसे. पाठीवरून उतरलेली गोणी दुसऱ्या कोणत्याही बैलाच्या पाठीवर जशीच्या तशी चढे. ती उसवून पुन्हा भरण्याचा प्रसंग बाजारापर्यंत येत नसे. आकड्याच्या गाडीचे तत्त्व शोधावयाचे तर ते येथे सापडते, मात्र त्यातील आकडा म्हणजे माणसाचे हात होते.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला व सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत सडकांच्या कामास जोर आला. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने राजनांदगाव व रायपूरकडे जाणारी सडक 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणून प्रसिद्धीस आली. आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ बव्हंशी तिच्याच अनुरोधाने जातो, आणि सडक अर्जुनी हे गाव तर आपल्या नावातच सडक वागवीत आहे. सडक झाली तसा लादणीचा बैल मागे पडून गाडीचा बैल पुढे आला. झाडीपट्टीतील बंडी किंवा खाचर हे ओझ्याचे वाहन आणि रेंगी हे हलके, बसून जाण्याचे. बंडीचा सांगाडा एकच असला तरी वरचा साज हंगामाप्रमाणे बदले. शेणखत वाहावयाचे असल्यास बुरडाने विणलेले बांबूचे तट्टे कडेने उभे करावयाचे, धानाचे भारे आणावयाचे असल्यास तट्टे काढून बाजूस उभे दांडके रोवावयाचे. एका गाडीची अनेक रूपे करण्याची ही ग्रामीण युक्ती लवचीकतेच्या आधुनिक व्याख्येत चपखल बसते. परंतु गोणीचा एक गुण बंडीने गमावला. बंडी भरली जाईपर्यंत बैलजोडी व गाडीवान तिच्याजवळ बांधले गेले. वेग वाढला आणि त्याबरोबरच थांबण्याची किंमतही वाढली.

ही गोष्ट अत्यंत ठळकपणे दिसते ती लोहमार्गाच्या इतिहासात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंदमापी मार्ग १८६७ साली नागपूरला येऊन थांबला. त्यापुढे छत्तीसगडच्या धान्याच्या कोठारापर्यंत जाणारा मार्ग सरकारने काटकसरीने मीटरमापी बांधला. १८८० ते १८८२ या काळात नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत सुरू झाली. अंतर सुमारे दीडशे मैल. गोंदिया हे याच मार्गावरील स्थानक. बांधकामात वाचलेला पैसा नागपुरास खर्ची पडू लागला, कारण मीटरमापी डब्यातील प्रत्येक पोते तेथे उतरवून रुंदमापी डब्यात चढवावे लागे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन १८८८ पर्यंत त्याचे रुंदीकरण केले व १८९१ मध्ये तो बंगालच्या बाजूस आसनसोलपर्यंत पोहोचविला. नागपूरची अडचण अशा रीतीने आठ वर्षांत संपली.

ती संपली म्हणण्यापेक्षा गोंदियास आली असे म्हणणे अधिक योग्य होईल. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. त्यानंतरच्या वर्षांत बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियापासून बालाघाट, नैनपूर या मार्गाने जबलपूरपर्यंत सातपुडा रेल्वे बांधली. १९०३ ते १९०५ या अवधीत ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. डोंगराळ मुलूख व बेताची रहदारी लक्षात घेऊन हा मार्ग अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर मापाचा ठेवण्यात आला. मुख्य मार्गाचे माप १६७६ मिलिमीटर. पुढे गोंदियाहून दक्षिणेस नागभीड व चांदा किल्ल्याकडे जाणारा मार्गही अरुंदमापीच झाला. परिणामी गोंदिया हे दोन्ही बाजूंनी अरुंद मार्ग येऊन मिळणारे, मधून रुंद मार्ग जाणारे जंक्शन बनले. गोंदियाच्या भरभराटीचे श्रेय सामान्यतः जंक्शनला दिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण जंक्शन येथे दोन अर्थांनी होते. मार्ग एकमेकांस भेटत होते, डबे मात्र भेटत नव्हते. बालाघाटकडील मँगनीज, जंगलातील इमारती लाकूड व बांबू, खोऱ्यातील धान्य, जे काही मुख्य मार्गाने पुढे जावयाचे ते सर्व एका डब्यातून दुसऱ्यात माणसांनी हलवावयाचे. त्यातच मोठ्या डब्याचा माल लहान डब्यात एकास एक मावत नाही. एका रुंद डब्यासाठी एकाहून अधिक अरुंद डबे येईपर्यंत वाट पाहणे आले, आणि तोवर जो डबा आधी आला तो रुळावर नुसता उभा.

या व्यथेवर उपाय शोधणारा एक बुद्धिमान अभियंता त्याच सुमारास महाराष्ट्रातच काम करीत होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने बार्शी लाइट रेल्वे बांधली. तिचा पहिला भाग १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, आणि बार्शी यांच्या दरम्यान सुरू झाला. मापही सातपुडा रेल्वेचेच, अडीच फुटी. कॅल्थ्रॉपचे म्हणणे असे की अरुंद मार्ग स्वतः दोषी नाही. डबे एका मापाचे, भारवाहू व एकजात रचनेचे असावेत आणि मापबदलाच्या ठिकाणी माल न हलविता डबाच हलविण्याची सोय असावी. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ साली सुरू झालेल्या अडीच फुटी मार्गावर त्याने ती प्रत्यक्षात आणली. तेथे खास बुटक्या वाहक-गाड्यांवर नेहमीच्या मापाचे भरलेले डबे जसेच्या तसे चढवून नेले जात. (हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी टाकण्याच्या हवाई छत्रीचा संशोधक म्हणून गाजला, भार आणि वाहन यांना सुखरूप अलग करण्याचा त्याचा छंद आकाशापर्यंत गेला, असे गमतीने म्हणता येईल.) भारतीय रुंदमापी डबा मात्र इतका अवजड की अडीच फुटी रुळावर त्यास पाठुंगळी घेणे शक्य नव्हते. गोंदियाला या युक्तीचा लाभ झाला नाही.

कॅल्थ्रॉपच्याही शंभर वर्षे आधी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात लिटल ईटन येथील घोड्यांच्या रूळमार्गावर याहून साधी तोड निघाली होती. १७९५ पासून तेथे कोळशाच्या गाड्यांची पेटी चाकांपासून सुटी करून यारीने उचलली जाई व कोळशासकट कालव्यातील नावेत ठेवली जाई. म्हणजे लोहमार्गाच्या बाल्यावस्थेतच सुटा डबा अवतरला होता. तरी त्यानंतर दीडशे वर्षे जगाने माल हातांनीच हलविला. याचे कारण यंत्राच्या अभावात शोधण्यापेक्षा मजुरीच्या दरात शोधणे अधिक युक्त होय. जोवर हमालाची पाठ यारीपेक्षा स्वस्त होती, तोवर डबा सुटा करण्याची निकड कोणासच वाटली नाही. गोंदियात ती अरुंद मार्ग असेपर्यंत वाटली नाही. हा मार्ग दीर्घायुषी ठरला. चांदा किल्ल्याकडील मार्गाचे रुंदीकरण गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाले, गोंदिया-बालाघाट भाग २००५-०६ च्या सुमारास रुंद झाला, नैनपूर-जबलपूर भागावरील अरुंद गाडी २०१५ मध्ये थांबली, आणि जबलपूरपर्यंतचा सलग रुंद मार्ग २०२० च्या आसपास पुरा झाला. मापबदलाचे ओझे अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षे वाहिले गेले.

दरम्यान त्या ओझ्याचा बराच भाग सडकेवर उतरला होता. मालमोटार लोहमार्गाहून एका बाबतीत निःसंशय श्रेष्ठ ठरली. ती गिरणीच्या दारातून निघून थेट दुकानाच्या दारात जाऊ शके, वाटेत डबाबदल नाही. पण दारात मात्र ती उभी राहते. एक साधे उदाहरण घेऊ. गिरणीपासून गोदाम वीस किलोमीटर आहे व गाडी ताशी तीस किलोमीटरने जाते असे मानले, तर जाण्यायेण्यास ऐंशी मिनिटे लागतात. हमालांनी गाडी भरण्यास दोन तास व रिकामी करण्यास एक तास धरला, तर एका खेपेचे दोनशे साठ मिनिटांपैकी एकशे ऐंशी मिनिटे गाडी उभी असते. नऊ तासांच्या दिवसात तिच्या दोनच खेपा होतात. रस्ता कितीही गुळगुळीत केला आणि वेग दुप्पट केला तरी तिसरी खेप होत नाही. हाच हिशेब आकड्याच्या गाडीस लावला, तर डबा ठेवणे-उचलणे यासाठी खेपेमागे वीस मिनिटे धरूनही पाच खेपा निघतात. मात्र येथे घाई करू नये. दर डब्यास दोन तास लागत असतील तर हमालांची एक टोळी नऊ तासांत साडेचार डबेच भरील. गाडी मोकळी झाली की भरणारे हात अपुरे पडू लागतात. खोळंबा नाहीसा होत नाही, तो गाडीच्या चाकांवरून डब्याच्या तोंडाशी सरकतो. तेथे तो स्वस्त पडतो, कारण उभ्या डब्याला चालक लागत नाही, इंजिन लागत नाही व टायरही झिजत नाहीत. एवढाच, पण खराखुरा, लाभ होय.

हमालाच्या बाजूने हा हिशेब निराळा दिसतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. नोंदणी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी पाठीवर पोते वाहणाऱ्यास प्रथमच कायद्याने मिळू लागल्या. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी पंचावन्न किलोग्रॅमची मर्यादा सुचविली होती. धान्याचे एक क्विंटलचे पोते मागे पडून पन्नास किलोचे रूढ झाले ते याच विचारप्रवाहाचे फळ. सुटा डबा आला म्हणजे हमालाचे काम संपेल, ही भीती अर्धीच खरी आहे. डबा मुळात भरावा लागतोच. संपते ते मधले, पुनःपुन्हा करावे लागणारे उचलणे. परंतु माथाडीची मजुरी नगावर ठरलेली असते, आणि मधले उचलणे गेले की मधले नगही गेले. कोणत्याही योजनेत हा घाटा कोणाच्या पदरात पडणार हे आधी ठरविले नाही, तर तो हमालाच्याच पदरात पडतो.

बाहेरच्या जगात हे तंत्र कसे घडले, ते थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत नॉक्सव्हिल येथील कंत्राटदार जॉर्ज डेंपस्टर याने १९३० च्या दशकात जमिनीवरील सुटी पेटी उचलून नेणारी गाडी प्रचारात आणली. बांधकामावर ट्रक भरला जाईपर्यंत चालकास रिकामे बसवून ठेवण्याचा त्याला कंटाळा आला होता. आपल्या शहरांतून कचऱ्याची मोठी कुंडी उचलणारी जी 'डंपर प्लेसर' गाडी फिरते ती याच कुळातील. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन याचे 'आयडियल-एक्स' हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे अठ्ठावन्न सुट्या पेट्या घेऊन निघाले. सुटा माल चढविण्यास टनामागे ५.८३ डॉलर पडत तेथे पेट्यांमुळे सोळा सेंटच पडले, असा हिशेब तेव्हा निघाला. बंदरातील पेटीला यारी लागते. यारी गाडीवरच बसवावी हा विचार युरोपात, विशेषतः फिनलंड व फ्रान्स येथील उत्पादकांनी, आकड्याच्या बाहूच्या रूपाने पूर्णत्वास नेला. १९९० च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने दारूगोळ्याच्या वाहतुकीसाठी हीच पद्धती स्वीकारली व १९९१ च्या आखाती युद्धात ती वापरली. भारतात कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून नेण्यास प्रारंभ केला, तो कॅल्थ्रॉपच्या वाहक-गाडीचा दूरचा वंशज म्हणावयास हरकत नाही. आकड्याची गाडी मात्र आपल्याकडे मुख्यत्वे कचऱ्याच्या निमित्ताने आली. इंदूर शहराचे उदाहरण सर्वपरिचित आहे. घरोघर फिरणाऱ्या लहान गाड्या हस्तांतरण केंद्रावर येतात, तेथे कचरा दाबून मोठ्या बंद डब्यात भरला जातो व हूक लोडर तो डबा शहराबाहेरील प्रक्रियास्थानी नेतो. लहान गाडीने गल्लीत, मोठ्या गाडीने सडकेवर चालावे, आणि मध्ये कोणीही कोणासाठी थांबू नये, ही त्यातील व्यवस्था आहे.

गोंदिया जिल्ह्यात हे तंत्र कोठे उपयोगी पडेल, हा प्रश्न यानंतर विचारता येतो. प्रथमदर्शनी उत्तर धान असे येईल, आणि ते चुकीचे असेल. बांधीतील धान कापून कडपा वाळतो, पुंजणे रचले जाते, मळणी होते. त्यानंतर धान पोत्यात शिरते ते तांदूळ होऊन दुकानात जाईपर्यंत पोत्यातच राहते. डबा गाडीवर ओढला जात असता बराच कलतो. रचलेली पोती त्या कलण्याने मागे सरकतात, थप्पी मोडते. पोत्यांच्या अर्थव्यवस्थेशी आकड्याचा मेळ सहसा बसत नाही. शिवाय आधारभूत खरेदी केंद्रांवरील धान ताडपत्रीखाली पडून राहते, अवकाळी पावसात भिजते, ही जी तक्रार हंगामागून हंगाम ऐकू येते, तिचे मूळ भरडाईचे करार, आदेश व गोदामातील जागा यांत आहे. 'उचल झाली नाही' या शब्दप्रयोगातील उचल कागदावरची असते. ती यंत्राच्या बाहूने होत नाही.

धानापासून निघणाऱ्या तुसाची गोष्ट वेगळी. शंभर क्विंटल धान भरडल्यास शासकीय प्रमाणानुसार सदुसष्ट क्विंटल तांदूळ द्यावा लागतो, आणि सुमारे वीस क्विंटल तूस निघते. वजनाने तूस पाचवा हिस्सा. पण आकारमानाने पाहिले तर चित्र पालटते. धानाचे वजन घनमीटरला साडेपाचशे ते सहाशे किलोग्रॅम, तुसाचे जेमतेम शंभर ते सव्वाशे. शंभर क्विंटल धान साडेसतरा घनमीटर जागा व्यापते, आणि त्याचे तूसही जवळजवळ तितकीच जागा व्यापते. तांदूळ त्याच्या निम्म्यात मावतो. अर्थात गिरणीच्या दारातून जितके घनमीटर आत येते त्याच्या दीडपट बाहेर जाते, आणि त्यातील मोठा वाटा या हलक्या, वाऱ्यावर उडणाऱ्या, कमी किमतीच्या तुसाचा असतो. जे तूस गिरणीच्याच भट्टीत जळत नाही ते वीटभट्ट्यांना वा वीजनिर्मितीसाठी विकले जाते. अशा मालासाठी ट्रकला तासन्‌तास उभे करणे परवडत नाही, पोत्यात भरणे तर नाहीच. गिरणीच्या तूसनळीखाली मोठा बंद डबा ठेवावा, भरला की आकड्याने न्यावा व रिकामा ठेवावा, ही व्यवस्था येथे अगदी स्वाभाविक दिसते. सुटा माल, ठरावीक ठिकाण, पक्की फरशी, दररोज होणारी भर, या चारही अटी गिरणीत पुऱ्या होतात. नगरपालिकांचा कचरा व बांधकामाचा राडारोडा यांचीही स्थिती जवळपास अशीच आहे.

इतर मालाविषयी फारसे लिहिण्याची आवश्यकता नाही. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातील कोरड्या राखेसाठी हवेच्या दाबाने भरल्या-उतरल्या जाणाऱ्या बंद टाकीच्या गाड्या अधिक योग्य. तेंदूपानांचा हंगाम मे महिन्यातील काही आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी या हिशेबाने जंगलातील फळीवर गोळा होणारा हा माल गोणीतच सुखी आहे. तेथवर जाणाऱ्या मातीच्या वाटेवर लादलेला पोलादी डबा रुतून बसेल.

वाहन व ओझे अलग करण्याची कला या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागेल असे नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीत ती त्याच्या अंगणात उभी आहे. एक ट्रॉली खळ्यावर भरत असता ट्रॅक्टर दुसरीला घेऊन बाजारात जातो, किंवा ट्रॉली सोडून नांगरणीस लागतो. ट्रॉलीची त्रुटी इतकीच की ती थांबते तेव्हा तिच्याबरोबर चाके, आस व टायरही थांबतात. बंजाऱ्याच्या गोणीला चाके नव्हती, आकड्याच्या डब्यालाही नसतात. उलटपक्षी आकड्याच्या गाडीला स्वतःचे असे ओझे असते. तीन आसांच्या मालमोटारीस २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन एकूण वजनाची मुभा आहे, पूर्वी ती पंचवीस टन होती. त्यातून बाहू व डबा मिळून सुमारे पाच टन जातात. तुसासारख्या हलक्या मालाला हा तोटा जाणवत नाही, वाळू-गिट्टीला जाणवतो. मागे डब्याच्या लांबीहून अधिक मोकळी जागा लागते, आणि डबा कलताना वरून गेलेल्या विजेच्या तारांचेही भान ठेवावे लागते. जुन्या गोंदियाच्या बाजारपेठेत या दोन्ही गोष्टी सहज मिळण्यासारख्या नाहीत.

याहून गंभीर प्रश्न मापाचा आहे. जर्मन प्रमाणात आकड्याची दांडी जमिनीपासून १५७० मिलिमीटर उंचीवर असते; फ्रान्समध्ये १४२५ मिलिमीटरचे प्रमाण रूढ आहे. फरक बोटांनी मोजता येईल इतका, पण एका मापाच्या आकड्यास दुसऱ्या मापाचा डबा धड उचलता येत नाही. १६७६ आणि ७६२ यांच्यात जे अंतर होते त्याचीच ही धाकटी आवृत्ती होय. एकच संस्था, एकच गाडी व तिचेच चार डबे असतील तोवर यात काही बिघडत नाही. गिरणीवाला, नगरपालिका आणि खासगी वाहतूकदार यांनी एकमेकांचे डबे उचलावेत अशी अपेक्षा निर्माण होते तेव्हा ते बिघडते. आणि सुट्या डब्याचा खरा फायदा त्या अदलाबदलीतच आहे. सातपुडा रेल्वेचे माप ज्यांनी ठरविले त्यांच्यापुढे त्या एका मार्गाचा खर्च होता, जंक्शनचा नव्हता. गोंदियातील एखाद्या गिरणीने घेतलेला डबा तिरोड्याच्या वाहतूकदारास उचलता येईल की नाही, हे खरेदीच्या निविदेतील आकड्याची उंची व दांडीचे माप सांगणाऱ्या एका ओळीवर ठरते, आणि ती ओळ बहुधा विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून उतरवून घेतलेली असते.